मिन्जी मला बंद करायची

मित्रांनो, मी बाभुळगावचा टेबल फॅन. जुना आहे हे वेगळं सांगायला नको; बटण दाबलं की आधी खोकतो, मग फिरतो. मान एकाच बाजूला वळते, रंग उडाला आहे. पण हवा? अहो, हवा अजून अशी देतो की भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडतात! तरीही गेल्या मे महिन्यात एका बाईच्या जिवावर मीच उठलो, असं घरात बोललं गेलं. खरं सांगू? मलाही तसंच वाटू लागलं होतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. यवतमाळच्या दुकानातून श्रावणभाऊंनी मला विकत घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणलं. त्यांची मुलगी साधना तेव्हा दहावीला होती. ती अभ्यास करायची, मी वारा घालायचो. ती चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा तिच्या आईने, रुखमाबाईंनी, पेढा आधी बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवला. मग "यानंही लय मेहनत केली व माय," असं म्हणत माझी पाती ओल्या फडक्याने पुसली. इतकं कौतुक माझं पुन्हा झालं नाही. पुढे घरात कूलर आला आणि मी माळ्यावर गेलो, गोणपाटाखाली. साधना पुण्याला नोकरीला गेली, तरी मला कोणी खाली काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात रुखमाबाई अंगणात घसरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये. नळाला पाणी नव्हतं, म्हणून कूलर कोरडा. मग आली आठवण माझी! अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसं. पण मी रुसलो नाही. रुखमाबाईंसाठी मी काहीही केलं असतं.

साधना सुट्टी काढून आली. तिच्यासोबत तिच्या ऑफिसातली मैत्रीण आली, मिन्जी, कोरिया देशातली. मिन्जीने आल्याआल्या तसबिरीपुढे हात जोडले आणि सगळ्यांना "जयभीम" म्हणाली. जेवताना ठेचा असा खाल्ला की श्रावणभाऊ बघतच राहिले. रुखमाबाईंना तर ती फारच आवडली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण खाणाखुणांनी त्यांचं छान जमलं.

माझ्याकडे मात्र मिन्जी अशी बघायची, जसं कोणी घरात निघालेल्या सापाकडे बघतं. पहिल्याच दिवशी तिने माझी पाठ चाचपून पाहिली. ती टायमर शोधत होती, ठरल्या वेळी पंखा आपोआप बंद करणारा. माझ्याकडे कुठला आलाय टायमर!

दुपारी उन्हाच्या झळा येऊ नयेत म्हणून दारं-खिडक्या बंद असायच्या. साधना पुढच्या खोलीत लॅपटॉपवर काम करायची, श्रावणभाऊ त्यांच्या शिलाईच्या दुकानात. रुखमाबाईंजवळ मिन्जी बसायची. रुखमाबाईंचा डोळा लागला, की ती हळूच उठून मला बंद करायची. मग पुठ्ठ्याने त्यांना वारा घालत बसायची. त्या चुळबुळल्या, की मी पुन्हा चालू. मी मनात म्हणायचो, काहून व पोरी? माझं काय चुकलं?

एके दिवशी पुठ्ठा हलवता हलवता ती स्वतःच झोपी गेली. रुखमाबाई जाग्या झाल्या. घामाने निथळत होत्या, तोंड कोरडं पडलं होतं, आणि पाय हलवता येत नव्हता. एक हाक मारली असती तर पलीकडून साधना धावत आली असती. पण पाहुणीची झोप मोडेल म्हणून त्यांनी हाक मारली नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, थंड आणि मुका. त्यांचे डोळे मिटत गेले आणि मी नुसता बघत राहिलो. त्या दुपारची माझी मलाच लाज वाटते.

साधना पाणी घेऊन आली तेव्हा त्या शुद्धीवर नव्हत्या. धावपळ झाली, ऑटो आला, दवाखान्यात सलाईन लागलं. जीव वाचला, बाप्पा! पण त्या घरी आल्या आणि श्रावणभाऊ माझ्यावर गरजले, "हा पंखाच दगाबाज! ऐन दुपारी बंद पडला. उद्या भंगारवाल्याले देऊन टाकतो."

मिन्जीला गप्प राहता आलं असतं. पण ती रडत रडत बोलू लागली, आणि साधना मराठीत सांगू लागली. "आई, पंखा हिनं बंद केला होता. हिच्या देशात पुष्कळ लोक मानतात, की बंद खोलीत पंखा लावून झोपलं तर माणूस मरतं. लहानपणी हिनं आजोबांसाठी पंखा लावला आणि खेळायला जाताना दार ओढून घेतलं. आजोबा झोपेतच गेले. शेजारीपाजारी म्हणाले, पंख्यानं नेलं. हिले कोणी रागावलं नाही. पण तुझी चूक नाही, असंही कोणी म्हटलं नाही."

ते ऐकून रुखमाबाई म्हणाल्या, "चूक माहीबी आहे. पंखा बंद व्हायचा ते मले रोज समजत होतं. म्या म्हटलं, हिच्या देशात वीज महाग असंन. पोरगी मायेनं करून राह्यली, तिले कायले टोकायचं?" मग त्यांनी मिन्जीचा हात धरला. "तुह्या आजाले पंख्यानं नाही नेलं, बाई. त्याची वेळ झालती. तू तं त्याले वारा दिला होता. आता तूच लाव पंखा. दार लाव, अन् बस माह्याजवळ."

साधनाने ते तिला समजावलं, आणि मिन्जीने दार लावून माझं बटण दाबलं. मित्रांनो, मी इतका घाबरून कधीच फिरलो नव्हतो. मनात पाल चुकचुकली, तिचं म्हणणं खरं असलं तर? रुखमाबाई झोपल्या. मिन्जी त्यांच्या नाकाशी बोट धरून बसली. ती श्वास बघत होती, मी तिचा चेहरा बघत होतो. खूप वेळाने रुखमाबाई मोठ्याने घोरल्या, आणि स्वतःच्याच घोरण्याने दचकून जाग्या झाल्या.

"जित्ती आहो व मी," त्या म्हणाल्या. "चहा ठेव म्हणा साधनाले."

मिन्जीला एक शब्द कळला नाही. पण ती हसली, मग खूप रडली, आणि चहा येण्याआधीच त्यांच्या खाटेशी, जमिनीवर, माझ्यासमोर झोपून गेली. रुखमाबाईंनी मला बंद करू दिलं नाही.

मी आता माळ्यावर नाही, खाटेशेजारीच असतो. मित्रांनो, माझी पाती अधूनमधून पुसा, तेवढं मला पुरे. पण आपल्या माणसाची काळजी घेताना त्याला एकदा विचारा, आणि तहान लागली तर हाक मारा, पाहुणा झोपलेला असला तरी. आणि एखादं लेकरू स्वतःलाच दोष देत बसलं असेल, तर "तुझी चूक नाही" हे त्याला वेळेवर सांगा. मिन्जीला ते ऐकायला बाभुळगावपर्यंत यावं लागलं.