कुंकवाखालचा शिक्का

चौसष्ट साली ब्रह्मदेश सोडताना प्रेमकुंवरच्या अंगावरचं सोनं बंदरावर तिथल्या सरकारी शिपायांनी उतरवून घेतलं, पण सुईणपणाचं प्रमाणपत्र तिने पोलक्यात दडवून धरणगावपर्यंत आणलं. रंगूनच्या दवाखान्यात अकरा वर्षं बाळंतपणं करण्यात गेली होती. नवरा फुलचंद आता भावाच्या दुकानात उपऱ्यासारखा बसायचा. गावच्या प्रसूतिगृहात सुईणीची जागा रिकामी होती. ती मिळाली असती तर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागलं नसतं. पण त्यासाठी आधी मुंबईला नोंदणी हवी होती.

दिवाळी आली. सासू सूरजबाईंना सुनेचा अभिमान. "बिनणीची विद्या हीच आपली लक्ष्मी," म्हणत त्यांनी ते प्रमाणपत्र वह्यांबरोबर पूजेला मांडलं आणि ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. नेमकं शिक्क्यावर.

मुंबईच्या कचेरीतले लीलाधर कारकून कागद उजेडात धरून म्हणाले, "बाई, शिक्का कुठाय?"

"कुंकवाखाली."

"मी कुंकवाची नोंद कशी करू? रंगूनहून दुसरी प्रत आणा. नाहीतर इथं पुन्हा शिका. दीड वर्ष."

घरी आल्यावर सूरजबाई ओलं फडकं घेऊन धावल्या.

"राहू द्या, सासूजी. आता पुसलं तर खाडाखोड म्हणतील."

रंगूनला तीन पत्रं गेली, एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा प्रेमकुंवरने ट्रंक भरली.

फुलचंद म्हणाला, "अडतिसाव्या वर्षी पोरींच्या रांगेत बसणार? लोक हसतील."

"हसू देत. बाळंतीण अडली की हेच लोक दार ठोठावतील."

धुळ्याच्या दवाखान्यातल्या सुईणींच्या प्रशिक्षण वर्गात पोरी तिला अक्का म्हणायच्या. शिकवणाऱ्या बाई तिच्याहून दहा वर्षांनी लहान. प्रेमकुंवर खाली मान घालून मराठीत टिपणं उतरवायची. येत असलेलंच पुन्हा लिहिताना बोटं अवघडायची. खाटेवरची बाळंतीण तानुबाई तिचा सराईत हात बघून एकदा म्हणाली, "अक्का, तुले बठ्ठं येस, मंग शाळा कसाले?"

"कागदाले येत नही ना, माय," प्रेमकुंवर तिच्याच बोलीत म्हणाली आणि तिची नाडी मोजू लागली.

तोंडी परीक्षेला मुंबईच्या डॉक्टरीणबाई आल्या. बाळ पायाळू असेल तर काय कराल, असं त्यांनी विचारलं. प्रेमकुंवरने हात हवेत धरून एकेक पायरी दाखवली. ती बोलत होती आणि डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली.

"आजवर किती बाळंतपणं केलीत?"

"इथल्या वहीप्रमाणे वीस."

"आणि खरी?"

"खरी तिकडची. ती धरत नाहीत म्हणे."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "मी धरली," म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

फाल्गुनात नोंदणीचा क्रमांक आला. तोवर धरणगावची जागा भरली होती. पहूरला एक रिकामी होती. गाव अनोळखी, राहायला एकच खोली. फुलचंद काही बोलायच्या आत प्रेमकुंवरने होकाराचं पत्र टपालात टाकलं आणि पहूरच्या गाडीची वेळ विचारायला स्टँडवर गेली.