मागचा आवाज

किलुंगच्या बाजारात मासळीचे गोळे विकणारी बाई म्हणजे एकेकाळची नामांकित गायिका सूलुआन, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून जुनी कॅसेट घेऊन आलेला माणूस बघताच ती सावध झाली.

"पेपरचा बातमीदार ना तू?"

"नाही हो मावशी. औषधाच्या जाहिरातीची ही गाणी तुमचीच ना? तुमच्यामागे दोघी गातायत. त्यातली एक माझी आई, आग्योक."

"नाव काय, कुणीही सांगेल. ती हसायची कशी, सांग बघू."

त्याची मान खाली गेली. "मी दोन वर्षांचा होतो, तेव्हाच ती गेली. मला काहीच आठवत नाही."

थापाड्याकडे उत्तर तयार असतं. सूलुआननं त्याला स्टूल दिलं.

"लाव कॅसेट. वरच्या सुराला जिचा आवाज चिरकतो ना, ती तुझी आई."