कपाळावरची पांढरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पट्टी आहे. दोन हात लांब, चार बोटं रुंद. कपडे शिवणाऱ्या एका काकूंनी फाटक्या चादरीतून मला कापलं, कडा दुमडून टीप मारली आणि स्वतःच्या कपाळाला बांधून आरशात पाहिलं. "छान बसली गं बाई!" म्हणाल्या. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

काकूंचं एक मंडळ होतं. मंडळातली चांगली मोठी माणसं वर्षातून चारदा एका रिकाम्या गोदामात जमायची आणि दोन दिवस दुसरंच कोणी होऊन जगायची. कोणी राजा, कोणी हेर, कोणी वैद्य. बघायला प्रेक्षक नाहीत, रंगमंच नाही. पण राजाच्या दालनात दिवे कोण लावणार? हेराची चिठ्ठी उशीखाली कोण ठेवणार? ते काम पट्टीवाल्यांचं. नियमच होता, की जिच्या कपाळावर मी, ती तिथे नाहीच. तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. अकरा वर्षं काकूंनी हे केलं, आणि एकदाही दिवा विझू दिला नाही.

घरी काका घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून म्हणायचे, "जातेस तरी कशाला? दिवे उचलायला?" काकू हसण्यावारी न्यायच्या. मला धुताना मात्र जरा जास्तच पिळायच्या.

मग मंडळाने बक्षिसं सुरू केली, तीही फक्त 'खेळाडूं'ना. मग पट्टीवाले कोण? झाला काथ्याकूट सुरू! 'मदतनीस' म्हटलं तर अपमान होतो. 'सहखेळाडू' म्हटलं तर राजाला राग येतो. 'पडद्यामागचे' म्हणावं, तर पडदाच नाही. दोन सभा यातच गेल्या. काकूंना शब्दाचं काही पडलं नव्हतं. एकदा आपलं नाव पुकारावं आणि ते काकांच्या कानावर पडावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तिसऱ्या सभेला काकू लवकर गेल्या, कामाला लागताना मला कपाळाला बांधलं, खुर्च्या मांडल्या, पाणी भरलं. त्या गडबडीत मला सोडायचं राहिलं. "कोणाला काही बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं. काकू उभ्या राहिल्या. "मला म्हणायचंय, की शब्द कुठलाही ठेवा, पण..." सगळ्यांच्या नजरा सवयीने त्यांच्यावरून घसरल्या. "कोणी नाही? मग पुढचा विषय." काकू खाली बसल्या. अहो, तेव्हाच गळून पडायला काय झालं होतं मला!

शेवटी मंडळातल्या ग्रंथपाल मास्तरांनी 'अदृश्य कलाकार' हा शब्द काढला. टाळ्या पडल्या. त्या नावाचं बक्षीसही ठरलं. काकू घरी येऊन म्हणाल्या, "या वेळी तुम्ही यायचंच हं!" बक्षीस समारंभाला काका इस्त्रीचा सदरा घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले.

"अदृश्य कलाकारांसाठीचं पहिलं बक्षीस," अध्यक्ष म्हणाले, "हा सुंदर शब्द देणाऱ्या मास्तरांना!"

काकूंनी टाळ्या वाजवल्या. हातात कोंबलेली मी त्या टाळ्यांमध्ये चुरगळत होते. काका काहीतरी टोचून बोलतील, असं मला वाटलं. ते उठले आणि म्हणाले, "चल. पिशवी दे इकडे." मित्रांनो, त्यांनी चिडवलं असतं तर बरं झालं असतं हो.

काकूंनी मला मंडळाच्या सामानाच्या पेटीत टाकलं. त्या परत आल्या नाहीत. पुढच्या खेळात राजा अंधारात बसला, तेव्हा "दिवे कोणाकडे होते?" असं विचारलं गेलं.

आता मला वापरून लाकडी तलवारींची मोळी बांधतात. तुमच्यासाठी पाणी कोण भरतं, ते एकदा बघून ठेवा, नावाने हाक मारा, असं मी तुम्हाला सांगते आहे खरी. पण उपयोग होईल असं वाटत नाही. काल पेटीतून एक नवी पट्टी बाहेर गेली, कोरी, माझ्याच मापाची. ती कोणाच्या कपाळावर आहे, मला माहीत नाही. बांधणारीचं नाव कोणी घेतच नाही.