स्फुरद होतं, पण सुटत नव्हतं

मी ऑस्ट्रेलियाच्या आयर द्वीपकल्पावरची मूठभर करडी माती बोलतेय. सध्या ब्रॉनविनच्या स्वयंपाकघरात, जॅमच्या बरणीत माझा मुक्काम आहे.

माझा जन्म शिंपल्यांच्या चुऱ्यातून झाला, त्यामुळे अंगात चुना फार. हाती आलेलं स्फुरद, म्हणजे पिकाला लागणारं फॉस्फरस, मी असं कवटाळते, की गव्हाच्या मुळांनी कितीही विनवलं तरी सुटत नाही. कंजूष म्हणा हवं तर; स्वभावाला औषध नसतं.

म्हाताऱ्या क्लेमने मला जन्मभर कसलं. गुडघे गेले तशी त्याने पेरणी लेकीकडे, ब्रॉनविनकडे सोपवली. त्या वर्षी माझी जुन्या पद्धतीने तपासणी झाली. प्रयोगशाळेत मला सोड्याच्या पाण्यात रात्रभर घुसळलं. इतकं घुसळल्यावर कोण काय लपवणार? होतं नव्हतं ते ओकले. अहवाल आला, स्फुरद भरपूर. क्लेमने खत बंद करायला लावलं आणि गहू खुरटला.

"आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही," क्लेम म्हणाला. "म्हणजे चूक ओढणाऱ्याची. पोरी, यंदा शेत शेजाऱ्याला कसायला देऊ."

"आणि मी शहरात जाऊन गल्ल्यावर बसू, बाबा?"

"मी तसं म्हणालो का?"

"मग वेगळं काय म्हणालात?"

क्लेमने ताटातली शेवटची मटणाची चाप तिच्याकडे सरकवली.

ब्रॉनविन हट्टाची. तिने मला दुसऱ्या तपासणीला धाडलं, थोडी बरणीत ठेवली. तिथे कुणी घुसळलं नाही. मला भिजवून अंगावर जेलीची छोटी चकती ठेवली. मुळासारखी ती दिवसभर गप्प पडून राहिली, मी आपणहून सोडेन तेवढंच घेत. मी जवळजवळ काहीच सोडलं नाही. गहू उपाशी होता, हे तेव्हा कुठे उजेडात आलं.

क्लेमने अहवाल वाचला, चष्मा पुसला आणि लेकीकडे न बघता माझ्या बरणीला म्हणाला, "पोर नीटच पेरत होती गं. गव्हाला उपाशी मीच ठेवलं."

सकाळी तो स्वतःच पेरणीयंत्रात खताची पोती ओतायला लागला.

"बाबा, गुडघे!"

"गुडघ्यांचं मी बघतो. तू ट्रॅक्टरवर बस. शेत कुठे जात नाही."

तिचे डोळे भरून आले. मलाही त्या म्हाताऱ्याची माया आली, कारण आम्ही दोघं एकाच जातीची: आत भरपूर, पण सुटता सुटत नाही. आता मला परत शेतात ओता. आणि ब्रॉनविन, बाबांना घुसळू नकोस. नुसती त्यांच्याजवळ बसत जा.