कडा छाटलेले ताप

चौतिसाव्या वर्षी तिला कळले की आपण नुसत्या नाजूक नव्हतो. रोगाशी झुंजणारी प्रथिने तिच्या रक्तात जन्मापासूनच पुरेशी तयार होत नव्हती. आता इतरांच्या रक्तातून काढलेली ती प्रथिने दर महिन्याला, आयुष्यभर, शिरेतून घ्यायची. मात्र औषध मंजूर करण्याआधी रुग्णालयाच्या समितीला जुने आजार हवे होते, तारखांसह.

जुने आजार वडिलांकडे होते. पुस्तके बांधणारे बाईंडरच ते, लेकीच्या आजारांची डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक चिठ्ठी त्यांनी शिवून निळ्या कापडात बांधली होती. तिने खंड उघडला. कडा कशा सुरीसारख्या सरळ! अन् डॉक्टर जिथे तारीख घालतात, ती वरची पट्टी पानापानावरून छाटलेली.

“बाबा, तारखा कापल्यात तुम्ही!”

“पानं लहानमोठी होती. तशीच बांधू? लोक काय म्हणतील?”

“कोण लोक? माझे ताप वाचायला कोण येणार होतं?”

वडील ओशाळले. मग चष्मा लावून त्यांनी पहिले पान न्याहाळले.

“हा न्यूमोनिया. तेव्हा नकाशांचा खंड दाबायच्या शिकंज्यात होता. तू आत खोकत होतीस, मी इकडे समुद्र चिकटवत होतो. आणि हा कान... शब्दकोश! जाडजूड धूड. कान फुटला तुझा, दोरा तुटला माझा.”

जुन्या कागदांची धूळ तिला सोसत नसे, म्हणून बालपण काचेपलीकडच्या खोलीत गेले. बांधून झालेले प्रत्येक पुस्तक वडील काचेला टेकवून दाखवत. खळीने माखलेली ती बोटे, काचेवर उमटणारे त्यांचे ठसे, आणि बाबांना आपल्याहून पुस्तकेच प्रिय आहेत ही तिची जुनी, मुकी असूया. आज तीच पुस्तके तिच्या तापांच्या नावांनी त्यांच्या ओठांवर येत होती.

बांधलेल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने तारीख घालण्याची त्यांची रीत होती. ज्या वाचनालयासाठी ते पुस्तके बांधत, तिथे तोंडाला मास्क बांधून ती दोन दिवस तारखा शोधत बसली. एकोणीस पुस्तके, एकोणीस आजार. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी यादी वाचली, हसल्या, आणि सही केली.

पंधरवड्याने मंजुरी आली.

“म्हणजे आता आजारी पडणार नाहीस?” वडिलांनी विचारले.

“पडेन. पण कमी.”

त्यांनी निळा खंड मिटला.

“चालेल,” म्हणाले, “कमी चालेल.”