पूर्वेची खिडकी

क्षमाने बैठकीच्या खोलीचा फोटो झाशीच्या हौशी छायाचित्रकारांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथंच चूक झाली. फोटोत खिडकी पांढरीफटक, आणि बाकीची खोली कोळशाच्या कोठीसारखी. तिनं एवढंच विचारलं होतं, "काय करू?"

नवऱ्याची, परागची, भुसावळला बदली झाली होती. रेल्वेचं क्वार्टर महिन्याभरात सोडायचं होतं. सासरे गोविंदराव, घरातले अण्णा, यांना या खोलीचा एक फोटो हवा होता, नव्या घरी भिंतीवर लावायला. एक फोटो. त्यासाठी एवढं महाभारत होईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"खिडकीला पांढरी चादर लावा," कुणी लिहिलं. "चादर बिलकुल नको," दुसऱ्यानं. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर सुभाषचंद्र तर आठ ओळींचा निबंधच लिहून मोकळे झाले: तिपाईवर कॅमेरा लावा, कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढा, मग ते कॉम्प्युटरवर एकत्र करा. क्षमानं चादर लावली, काढली, कॅमेरा हातातच धरून तीन फोटो काढले. जोडल्यावर सोफ्याला दोन कडा आल्या.

"आम्ही रविवारी येतोच," सुभाषचंद्रांनी जाहीर करून टाकलं.

रविवारी सकाळी दहाला ते आले, सोबत ग्रुपमधला प्रेमनगरचा अमित, दोन फ्लॅश आणि उजेड पसरवायची एक छत्री घेऊन. पराग ड्यूटीवर होता.

"काकू, फ्लॅश छत पे मारू," अमित म्हणाला. त्याला मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदी यायची. "लाइट सॉफ्ट होऊन खाली येणार."

"छत हिरवट आहे," सुभाषचंद्र म्हणाले. "सगळी खोली शेवाळलेली दिसेल."

खरोखर तशीच दिसली. मग टेबल हललं, गालिचा गुंडाळला गेला, पडदे उतरले. स्वयंपाकघरात भाजी करपली.

"ही खुर्ची मधेच येते," गोविंदराव बसले होते त्या वेताच्या आरामखुर्चीला सुभाषचंद्रांनी हात घातला. "गोविंदराव, जरा आत बसता का?"

गोविंदराव वर्तमानपत्र घेऊन मुकाट्यानं उठले. दारात थांबून सुनेला म्हणाले, "फोटो माझ्या खोलीचाच काढताहेत ना गं?"

क्षमाचा पारा चढला. "बास! ठेवा ती खुर्ची. फोटो अण्णांसाठी आहे, तुमच्या ग्रुपसाठी नाही. सकाळपासून माझ्या घराचं गोदाम केलंत!"

अमितनं छत्री मिटली. दोघं फ्लॅश पिशवीत भरून, समोरचा चहा तसाच ठेवून निघून गेले.

दुपारभर ती पडदे चढवत, सामान लावत चिडचिडत राहिली. त्यांच्यावर, स्वतःवर, भुसावळवर. चारच्या सुमाराला गालिचा अंथरून कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि थबकली. खिडकीत पांढरा झगमगाट नव्हता. ऊन केव्हाच घराच्या मागे सरकलं होतं. बाहेरचा कडुनिंब स्पष्ट दिसत होता आणि खोलीही नीट दिसत होती. खिडकी पूर्वेची! इतक्या शहाण्यांपैकी एकानंही विचारलं नव्हतं की फोटो कधी काढतेस, आणि तिलाही सुचलं नव्हतं.

"अण्णा, बसा तुमच्या जागी."

"दाढी केली नाही मी."

"बसा हो!"

ते बसले. तिनं कोपऱ्यातला दिवा लावला आणि फोटो काढला. न राहवून ग्रुपवर टाकलाही. बरेच अंगठे आले. सगळ्यात शेवटी सुभाषचंद्रांचं एक वाक्य: "उजेड उत्तम. भिंती आत कलल्यात."

"आता हे काय!" ती स्वतःशीच पुटपुटली. फोटो मोठा करून पाहिला. दाराची चौकट खरंच झुकली होती. तिनं कॅमेरा वर तिरपा धरला होता.

तिनं कपाळावर हात मारला, मग फोन लावला.

"काका, सकाळी जास्त बोलले. चहा पण नाही घेतलात."

"खुर्ची हलवायला नको होती मी," ते म्हणाले. "कॅमेरा छातीच्या उंचीवर धर, अगदी सरळ. येऊ का?"

"नको! नको, काका. चहाला या उद्या. कॅमेऱ्याशिवाय."

उजेड उतरायच्या आत तिला पुन्हा फोटो काढायचा होता, आणि अण्णा दाढी करायला उठून गेले होते.