एन्सिओच्या वहीतलं ‘काही नाही’

पैज लागली ती माझ्यावरूनच. पूर्व फिनलंडमधलं खेडं, किराणा दुकानाच्या पायऱ्या, आणि जंगलात लाकडं तोडणाऱ्या एन्सिओच्या कमरेला बांधलेला मी.

शेजारचा विल्हो म्हणाला, “रेडिओ बांधलास का रे पोटाला?”

“हृदय तपासायचंय. मधेच धडधडतं.”

“छत्तिसाव्या वर्षी? म्हाताऱ्यांचे रोग कशाला पळवतोस?”

“तेच म्हणतो मी. यात काही निघणार नाही.”

“निघणार,” विल्हो म्हणाला, निव्वळ खिजवायला.

झालं. ठरलं असं की, हरेल त्याने एका शनिवारी याच पायऱ्यांवर उभं राहून सगळ्यांसमोर पूर्ण एक मिनिट स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलायचं. ऐकणारे गारठले. या गावात माणूस गोठलेल्या तळ्यात उडी मारेल, पण स्वतःबद्दल एक मिनिट?

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. पोटात कॅसेट, बाहेर वायरी. त्या छातीला चिकटवायच्या आणि मी चोवीस तास ठोका न् ठोका रेघेने टिपायचा. नवा होतो तेव्हा दवाखान्यात मला मऊ फडक्याने पुसायचे, डॉक्टर पाहुण्यांना दाखवायचे. आता माझं झाकण दोऱ्याने बांधतात. असू दे.

माझ्याबरोबर एक वही देतात. नर्स सिर्काताईंनी एन्सिओला बजावलं होतं, “धडधडलं, दुखलं, दम लागला, की वेळ लिहायची आणि काय करत होता ते लिहायचं. आणि वाफेच्या खोलीत जायचं नाही, डबा भिजेल.” वाफ बंद म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. वहीचं त्याला काहीच वाटलं नाही.

सकाळी कॉफी पिताना त्याच्या हृदयाने एक ठोका गाळला आणि पुढचा दणकून मारला. मग पुन्हा तेच. मी घाबरलो, म्हटलं आटोपलं. दहाला तो लाकडं फोडायला लागला. आता ठोके जलद, पण कवायतीसारखे एका तालात. फक्त माझी रेघ दर वेळी जरा खाली खचत होती. एन्सिओ थांबला, कुऱ्हाडीवर रेलला, जबडा चोळला. वहीत लिहिलं, ‘दहा वाजून दहा. काही नाही.’

मला कळेना, चुकतंय कोण, वही की मी? दिवसभरात रेघ चार वेळा खचली आणि वहीत चार वेळा ‘काही नाही’. जुना झालोय, म्हटलं, बिघडलो असेन.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, राउहाने, वही उघडली. “दुखत होतं ना?”

“थोडंसं. त्यात लिहिण्यासारखं काय?”

“मग लिहिण्यासारखं काय असतं? मी विधवा झाले की लिहू?”

तिने पेन्सिल घेतली, चारही ‘काही नाही’ खोडले आणि लिहिलं, ‘छाती आणि जबडा धरून उभा होता. खिडकीतून पाहिलं.’

डॉक्टरांनी कॅसेट आणि वही शेजारी ठेवली, आणि माझा गोंधळ आणखी वाढला. कॉफीच्या वेळची धडधड, जिला मी भ्यालो, ती एन्सिओच्या बाबतीत निरुपद्रवी निघाली. तो ‘काही नाही’ म्हणत होता तिथेच हृदयाला रक्त कमी पडत होतं. नुसत्या माझ्या शब्दावर ते विसंबले नाहीत. शहरात नेऊन तपासलं, तर हृदयाला रक्त नेणारी एक नळी जवळजवळ बुजलेली. आत बारीकसा फुगा फुगवून ती रुंद केली. गोळ्या सुरू, सिगारेट बंद, पावावरचा लोण्याचा थर बंद. लोणी सुटल्याचं त्याला फार लागलं.

मित्रांनो, मला पुसा नाहीतर पुसू नका. वहीत मात्र खरं लिहा. मी रेघ काढतो, पण दुखतंय हे सांगायला मला तोंड नाही.

फेरतपासणीसाठी मी पुन्हा त्याच्या कमरेला होतो, तो नेमका पैजेचा शनिवार. दुकानासमोर अख्खं गाव. विल्होच्या हातात घड्याळ.

एन्सिओ बुटांकडे बघत म्हणाला, “लाकडं फोडत होतो.”

विल्होच्या घड्याळाचा काटा सरकत राहिला.

“छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. मग जबडा. थांबलं की जायचं.” काटा आणखी पुढे गेला. “भीती वाटत होती. म्हणून लिहिलं नाही.”

“मिनिट झालं की,” मागून कोणीतरी म्हणालं.

विल्होने घड्याळ खिशात टाकलं. “बोलू दे त्याला,” तो हळूच म्हणाला. “एन्सिओ, ते जबड्याचं परत सांग. नक्की कुठे?”

एन्सिओ एक पायरी उतरला आणि त्याने विल्होच्या जबड्यावर बोट ठेवलं.

विल्होने मान डोलावली. “मलाही तिथेच दुखतं.” “कधीपासून?” एन्सिओने विचारलं.